सोहमला बाकीच्या विषयांत किती आले?

प्रिय मॅडम,

नमस्कार. मी नागपुरात मानेवाड्याला राहते. घर दोन मजली. खाली भासरे, जाऊबाई आणि सासूबाई, वर आम्ही तिघं. मुलगा सोहम नववीत, स्टेट बोर्ड, सेमी. भासऱ्यांची आर्यापण नववीतच, पण सीबीएसईच्या शाळेत. दोघांच्या पहिल्या चाचणीचे गुण एकाच आठवड्यात मोबाईलवर आले. आर्याला गणितात १९, विज्ञानात १८, इंग्रजीत १९, समाजशास्त्रात १७ आणि हिंदीत १८, सगळे वीसपैकी. सोहमला गणितात ११. ह्यांचा पारा असा चढला की विचारू नका. "एकाच घरात राहता, एकाच नळाचं पाणी पिता, मग तिला एकोणीस अन् तुला अकरा काऊन? ती का सोन्याची पोळी खाऊन राहिली?" खालून सासूबाई म्हणाल्या, "बापावर गेला." भासऱ्यांना १९९१ साली दहावीत ८४ टक्के होते आणि ह्यांना १९९४ साली ५२. ते आमच्या घरात अजूनही निघतं. ह्यांचं कॉटन मार्केटजवळ मोटरपंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. शेजारच्या दुकानदाराच्या पोराला सीईटीत ९७ आले, तेही सोहमला रोज ऐकावं लागतं.

मागच्या रविवारी सोहमचं दप्तर आवरताना गणिताचा तो पेपर सापडला. पालकांच्या सहीच्या जागी ह्यांची सही होती. ह्यांनी तर पेपर पाहिलेलाच नाही. सोहमनेच सही केली, मॅडम, आणि हुबेहूब केली. ह्यांना सांगितलं तर घर डोक्यावर घेतील. नाही सांगितलं तर पोराच्या लबाडीत मीही सामील. मी स्वतः तुलना करत नाही हो, पण आर्याला किती मिळाले हे विचारल्याशिवाय राहवत नाही, हे खरं. लहानपणी हे दोघं तान्ह्या पोळ्याला एकच लाकडी नंदी ओढत गल्लीभर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरायचे. आता तो जिना उतरून खाली जात नाही. मी काय करू?

— मानेवाड्याची एक आई

(मुलांची नावं बदलली आहेत.)

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली, कारण काहीतरी खटकत होतं. मग सापडलं. तुमच्या पत्रात आर्याच्या पाचही विषयांचे गुण आहेत आणि सोहमचा एकच विषय आहे. त्याला विज्ञानात किती? मराठीत किती? इंग्रजीत? तुम्हाला ते माहीत असणारच, पण लिहिताना सुचले नाहीत. पुतणीचे मात्र हिंदीसकट आठवले.

तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. "मी तुलना करत नाही" हे तुम्ही मनापासून लिहिलंय याबद्दल मला शंका नाही. पण तुलना म्हणजे फक्त पोरावर ओरडणं नव्हे. कुणाचे आकडे आपल्या डोक्यात बसतात आणि कुणाचे निसटतात, तिथेच ती सुरू होते. सोहमला हे कळत असणार. चौदा वर्षांच्या मुलाला आईचं लक्ष कुठे आहे ते तिच्या आवाजावरून समजतं. घरात पाऊल टाकताच "आर्याला किती मिळाले रे?" हा प्रश्न आला, तर आपला पेपर आईला वाचायचा नाही, फक्त आर्याच्या पेपरशेजारी मांडून ठेवायचाय, हे तो त्या क्षणी ओळखतो.

मी सत्तावीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्यातली पहिली काही वर्षं तपासलेले पेपर मी सर्वांत जास्त गुणांपासून सर्वांत कमी गुणांपर्यंत लावून आणायची आणि त्याच क्रमाने नावं पुकारून वाटायची. मला ते शिस्तीचं वाटायचं. मुलांना ईर्षा वाटेल, ती जोर लावतील, असा माझा समज होता. एका वर्षी आठवीच्या वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. तिसऱ्या चाचणीच्या वेळी माझ्या लक्षात आलं की मी तिचं नाव घ्यायच्या आधीच ती उठून उभी राहिलेली असते. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात मी तिला विचारलं, "अगं, तुला कसं कळतं की आता तुझंच नाव येणार?" ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या हातात एकच पेपर उरला होता ना." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी पेपर हजेरी क्रमांकानेच वाटले. पण त्याआधीच्या वर्षांचं काय करू, ते मला आजही समजत नाही. त्या मुलीला वीसपैकी किती होते ते मी विसरले. तिचं ते आधीच उठून उभं राहणं मात्र विसरले नाही. म्हणून सांगते, तुमच्या घरातला प्रकार मी बाहेरून बघत नाहीये. तो मी स्वतः केलेला आहे.

आता सोहमच्या ११ कडे येऊ. तुमच्या पत्रावरून मला जे दिसतं ते असं. गुण मोबाईलवर आले, ते सगळ्यांनी वाचले, त्यावर घर बोललं, खालच्या मजल्यावरूनही बोलणं झालं. पेपर मात्र नंतर आला आणि तो कुणीच उघडला नाही. शेवटी तो दप्तरातच राहिला आणि त्यावर पोराने स्वतः सही केली. अकराचा गाजावाजा झाला, पण नऊ गुण कुठे गेले हे अजून त्या घरात एकाही माणसाला ठाऊक नाही.

तेच शोधायचं आहे. मी तो पेपर पाहिलेला नाही, पण नववीच्या पहिल्या चाचणीचे पेपर मी इतके तपासलेत की बरंच काही अंदाजाने सांगू शकते. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, त्यामुळे पहिल्या चाचणीपर्यंत जेमतेम दीड-दोन महिन्यांचा अभ्यास झालेला असतो. गणित भाग एकमध्ये संच, वास्तव संख्या आणि फार तर बहुपदी. संचात मुलं सहसा अडत नाहीत. गुण जातात करणी संख्यांत आणि बहुपदीच्या वजाबाकीत. एका बहुपदीतून दुसरी वजा करायची असते. मूल कंसाच्या आधी वजाचं चिन्ह लिहितं, कंस सोडतं, आतल्या पहिल्या पदाचं चिन्ह बदलतं आणि पुढची दोन पदं तशीच उतरवतं. पुढचं सगळं गणित मग नीट, स्वच्छ अक्षरात, आणि चूक. तीन गुणांच्या उदाहरणात एकच गुण हाती लागतो. अशी दोन उदाहरणं असली की चार गुण गेले. त्या मुलाला बहुपदी येत नाही का? येते. त्याला कंसाबाहेरच्या वजाची सवय नाही. ती सवय रोज पाच उदाहरणं केली तर आठ-दहा दिवसांत लागते. ती मी शेकडो मुलांना लागलेली पाहिली आहे.

दुसरी शक्यता अशी, की शेवटचा प्रश्न कोराच असेल. मग वेळेची भानगड आहे, म्हणजे औषध वेगळं. तिसरी शक्यता, उत्तरं बरोबर पण पायऱ्या गाळलेल्या, तोंडी करून थेट उत्तर लिहिलेलं. मग मूल हुशार आहे आणि घाईत आहे. चौथीही शक्यता आहे, की त्याला खरोखरच काही समजलेलं नाही, कारण आठवीतलं विस्तारसूत्रं आणि अवयव पाडणं कच्चं राहिलं. या चार मुलांना चार वेगळ्या गोष्टी लागतात, आणि चौघांच्याही पेपरवर ११ च लिहिलेलं असतं. आर्याच्या १९ मधून यातलं एकही कळणार नाही. म्हणून ते १९ तुमच्या काहीच उपयोगाचं नाही.

तसंही ते १९ आणि हे ११ एका तराजूत बसत नाहीत. तिचं बोर्ड वेगळं, पुस्तक वेगळं, धड्यांचा क्रम वेगळा. सीबीएसईत आता बहुपर्यायी आणि प्रसंग देऊन विचारलेले प्रश्न बरेच असतात. आपल्या बोर्डाच्या गणितात पायऱ्यांना गुण असतात. एखाद्या मुलाला एक जमेल, दुसऱ्याला दुसरं. शिवाय चाचणीचे पेपर प्रत्येक शाळा स्वतः काढते, कुणी सैल काढतं, कुणी आवळून.

आकड्यांचा हा सगळा मामला माप बदललं की बदलतो, याचं एक उदाहरण तुमच्या मिस्टरांना मुद्दाम सांगा, त्यांना व्यवहार कळतो. आपल्या राज्य मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के लागला. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला. एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं बारा टक्क्यांनी मठ्ठ झाली का? त्या वर्षी अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा, समाजशास्त्र यांचे शाळेकडचे वीस गुण काढून लेखी परीक्षा पूर्ण गुणांची केली होती. पुढच्या वर्षी ते अंतर्गत गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये कोरोनामुळे लेखी परीक्षाच झाली नाही, शाळांच्या मूल्यमापनावर निकाल लावला आणि तो ९९.९५ टक्के आला. २०१९ ला दहावी दिलेल्या कितीतरी मुलांना नातेवाइकांनी धाकट्या भावंडांवरून टोमणे मारले. "बघ, तिला ९३, तुला ८१." माझ्याकडे तेव्हा अशी मुलं येऊन रडली आहेत. त्यांचा गुन्हा एवढाच की ती २०१९ ला सोळा वर्षांची होती.

यावरूनच तुमच्या घरातल्या त्या ८४ आणि ५२ कडे बघा. १९९१ आणि १९९४. त्या काळी बोर्डाची गुणवत्ता यादी लागायची, पेपरात फोटो छापून यायचे, आणि गल्लीत एखाद्याला ८० च्या वर मिळाले की पेढे वाटले जायचे. 'बेस्ट ऑफ फाइव्ह' नव्हतं, ते २०१० पासून आलं. आता सहा विषयांतले चांगले पाच धरून टक्के काढतात, गुणवत्ता यादी बोर्डाने केव्हाच बंद केली, आणि २०२५ मध्ये तर राज्यात २११ मुलांना शंभर टक्के पडले. त्याच २०२५ मध्ये आपला नागपूर विभाग ९०.७८ टक्क्यांनी राज्यात सर्वांत खाली होता आणि कोकण ९८.८२ ने वर. दुसऱ्या दिवशी सगळीकडे "नागपूर तळाला" झालं. पण म्हणून मानेवाड्यातल्या एखाद्या पोराची बीजगणिताची तयारी कणभर तरी कमी झाली का?

सीईटीच्या ९७ बद्दलही दोन शब्द. ते ९७ टक्के नव्हेत, ते पर्सेंटाइल आहे. परीक्षेला बसलेल्या शंभरातल्या सत्त्याण्णव मुलांना त्याच्याइतके किंवा त्याहून कमी गुण होते, एवढाच त्याचा अर्थ. लाखभर मुलं बसली तर त्याच्यापुढे अजून तीनेक हजार असतात. त्या मुलाने मेहनत केली, त्याचं कौतुकच आहे. पण बारावीनंतरच्या त्या आकड्याने नववीच्या चाचणीतल्या मुलाला झोडपण्यात कसलाच हिशेब नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. "बापावर गेला" हे सासूबाईंचं वाक्य. ताई, ही तुलना सोहम आणि आर्याची नाहीच असं मला वाटतं. ती दोन भावांची आहे आणि तीस वर्षं जुनी आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या भावाला आजही खालून ऐकू येतं की मोठ्याला ८४ होते. सोहमचं ११ हे त्यांच्या कानाला पुन्हा ५२ सारखं ऐकू येतं. पोरावर ओरडताना त्यांना पोराचा राग असतो त्यापेक्षा जास्त स्वतःच्या आईचं ते वाक्य चुकवायचं असतं. मला हे ठामपणे सांगता येणार नाही, मी त्यांना भेटलेली नाही. पण इतक्या घरांत हे पाहिलंय की न सांगून राहवत नाही.

आणि हे नुसतं मनाला लागतं एवढ्यावर थांबत नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅलेक्स जेन्सन आणि सुझन मॅकहेल या अभ्यासकांनी २०१५ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केलं. सख्ख्या भावंडांच्या आईबापांना त्यांनी विचारलं की तुमच्या दोन मुलांतलं अभ्यासात पुढे कोण. बहुतेकांनी थोरल्याचं नाव घेतलं, गुणांत फारसा फरक नसताना. आणि ज्याला आईबापांनी पुढचा मानलं, त्याचे पुढचे गुण वाढत गेले, आधीचे गुण जमेस धरूनही. ते सख्ख्या भावंडांबद्दल होतं, तुमच्याकडे चुलत आहेत. पण एका छताखाली वाढलेल्या चुलत भावंडांचं फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. आपण पोराला ज्या खणात ठेवतो, पोर त्या खणाच्या मापाचं होत जातं.

म्हणून तुमच्या मिस्टरांशी बोलायचं आहे, पण क्रम चुकवू नका. आधी सोहम, मग पेपर, मग ते.

सोहमशी बोलताना दार लावून घ्या आणि खालच्या मजल्यावर आवाज जाणार नाही असं बघा. पेपर त्याच्यासमोर ठेवा. "ही सही मी पाहिली" एवढंच म्हणा आणि थांबा. तो रडेल, किंवा गप्प बसेल, किंवा "सगळेच करतात" म्हणेल. काहीही झालं तरी पहिली पाच मिनिटं तुम्ही बोलू नका. मग विचारा, "हा पेपर बाबांना दाखवला असता तर काय झालं असतं असं तुला वाटलं?" त्याचं उत्तर ऐकून घ्या. त्यात तुमचंही नाव असेल, त्याची तयारी ठेवा. दुसऱ्याची सही करणं चूक आहे, हे त्याला एकदा आणि स्पष्ट सांगा, कारण ते चूक आहेच. भीतीपोटी केली म्हणून ती बरोबर ठरत नाही. पण एकदाच सांगा. आणि यात आर्याचं नाव आलं, अगदी "आर्याने असं केलं असतं का?" एवढंही आलं, तर सगळं बोलणं फुकट गेलं असं समजा.

त्याच बैठकीत पेपर उघडा. गणित येत नसलं तरी चालेल, तुम्हाला उत्तर काढायचं नाहीये. प्रत्येक चुकलेल्या उदाहरणापाशी त्याला विचारा, "इथे काय झालं?" त्यालाच सांगू द्या. मुलांना आपली चूक बहुतेक वेळा सापडते, फक्त ती शांतपणे शोधायला कुणी बसवलेलं नसतं. पेपरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा: चिन्ह चुकलं, दोन गुण. वेळ संपला, तीन गुण. पुढच्या चाचणीनंतर हाच कागद आणि तो कागद शेजारी ठेवा. तुलना करायचीच असेल तर ती या दोन कागदांची करा, एकाच मुलाची, ऑगस्टची आणि ऑक्टोबरची. चिन्हांत चार गुण जायचे ते दोन गेले, तर तेवढ्यासाठी त्याला घट्ट जवळ घ्या, एकूण गुण वाढलेले असोत वा नसोत.

मिस्टरांशी बोलायला दुकान बंद करून आल्या आल्याची वेळ नको, जेवतानाची तर मुळीच नको. रात्री गाडीवर सक्करदऱ्यापर्यंत चक्कर मारून या दोघं. सहीचा विषय लगेच काढू नका. त्यांना विचारा, "तुमचा पेपर घरी यायचा तेव्हा काय व्हायचं हो?" आणि ऐका. कदाचित ते टाळतील. कदाचित त्यांनीही कधीतरी सही केली असेल. जे काही सांगतील ते सोहमविरुद्ध किंवा त्यांच्याविरुद्ध पुढे कधी वापरू नका. त्यानंतर त्यांना त्यांच्याच भाषेत सांगा. दुकानात एखाद्या महिन्यात गल्ला कमी भरला, तर शेजारच्याचा गल्ला मोजून त्यांना काही कळतं का? ते खतावणी उघडतात. कुठला माल अडकला, कुणाकडे उधारी थकली, ते बघतात. पोराचा पेपर ही त्याची खतावणी आहे, आणि ती त्यांनी अजून उघडलेली नाही.

सहीचं त्यांना सोहमने स्वतः सांगावं, तुम्ही शेजारी बसून. दोन-तीन दिवसांत, फार लांबवू नका. त्यांच्याकडून आधी एक शब्द घ्या, की त्या वेळी कुणाचंही नाव निघणार नाही, ना आर्याचं, ना शेजारच्या पोराचं, ना भाऊजींचं. राग आला तर सहीबद्दल रागवावं. तो राग रास्त आहे आणि पोराला तो पेलेल. आर्याच्या १९ चा राग पेलत नाही, कारण त्यावर त्याच्या हातात काहीच नाही.

सासूबाईंशी भांडू नका. त्या पुन्हा "बापावर गेला" म्हणाल्या तर तिथेच, सोहमच्या देखत म्हणा, "गेला तर बरंच आहे, सासूबाई. त्याचा बाप इतकी वर्षं दुकान चालवतो, कुणाचा एक रुपया बुडवला नाही." हे मनापासून म्हणा. हे तुमच्या मिस्टरांच्याही कानावर पडू द्या. त्यांना ते किती वर्षांत कुणी म्हटलेलं नसेल कोण जाणे. नातेवाईक, सोसायटीचा ग्रुप, लग्नात भेटणाऱ्या मावश्या, यांचं फार मनावर घेऊ नका. "किती मिळाले?" ला "बहुपदीत अडतोय थोडा, करून राहिलोय आम्ही" एवढं उत्तर पुरेसं आहे.

आर्याचा विचार तुमच्या घरात कुणी करत असेल असं मला वाटत नाही. सगळे तिचं नाव घेतात, पण तिला विचारत कुणी नाही. १९ मिळवणाऱ्या मुलीला १७ ची भीती असते, आणि आपले गुण भावाच्या डोक्यात हातोड्यासारखे घातले जातात हेही तिला ऐकू येत असणार. जिना उतरायचं सोहमने बंद केलं, तसं जिना चढायचं तिनेही बंद केलं असेल तर? तान्ह्या पोळ्याला जी त्या लाकडी नंदीचा अर्धा दोर हातात धरून गल्लीभर फिरली, तिच्याकडून तिचा भाऊ या गुणांनी हिरावून घेतला आहे. पुढच्या रविवारी तिला वर जेवायला बोलवा. सांभारवडी करा, दोघांना आवडत असेल तर. गुण, पेपर, शाळा, काहीही काढू नका. ती दोघं काय बोलतात ते ऐकायलासुद्धा थांबू नका.

एक गोष्ट मात्र हलकी घेऊ नका. सोहमची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, मित्रांत जाणं थांबलं असेल, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" यासारखं काही तो अगदी सहज जरी बोलला असेल, तर वाट पाहू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे, रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. मेडिकलमध्ये, म्हणजे आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, तिथे पोराला घेऊन जाण्यात काहीही कमीपणा नाही. तुमच्या पत्रात तसं काही दिसलं नाही, तरी नजर ठेवा.

आणि त्या सहीचं. तो पेपर फाडू नका, खोडरबरने काही पुसू नका, शाळेपासून लपवूही नका. सोहमने केलेली सही तशीच राहू द्या. त्याच्या बाबांचं पाहून झालं, त्यांचं आणि त्याचं बोलून झालं की तिच्याखाली त्यांना त्यांची खरी सही करायला सांगा, तारखेसकट. दुसऱ्या दिवशी सोहम तो पेपर स्वतः वर्गशिक्षकांना नेऊन देईल. तुम्ही फाटकापर्यंत जा. पुढचं त्याला बोलू द्या.

पुढच्या चाचणीनंतर मला जरूर लिहा. त्या पत्रात सोहमचे सगळे विषय असू द्या.

— तुमची मॅडम